नाकतोड्यांचं उष्टं

नाकतोडा केवढा असतो असं विचारलं तर लोक बोटाचं पेर दाखवतात. मी कोपरापर्यंत हात दाखवतो. लोक हसतात. हसू द्या. त्या वर्षी राळेगावात ज्यांनी कमलाकररावांची परसबाग पाह्यली नाही, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

ते वर्ष समित्यांचं होतं. कापूस बसला होता, कापसाचा भाव बसला होता, आणि हे दोघं कसे बसले ते पाहायला दिल्लीच्या, मुंबईच्या, पुण्याच्या समित्या आमच्या जिल्ह्यात उभ्या होत्या. पांढऱ्या गाड्या यायच्या, काच खाली व्हायची, पाऊसपाणी कसं काय असं विचारलं जायचं, काच वर व्हायची. आमच्या एसटी स्टँडासमोरचा टपरीवाला नुसत्या धुळीवरून ओळखायचा की ही अहवाल लिहिणारी समिती आहे, की आधीच्या अहवालावर अहवाल लिहिणारी.

कमलाकरराव माझे शेजारी. शेतीच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी बत्तीस वर्षं किडीच्या टेबलावर काढली, आता निवृत्त. बोंडअळीवर त्यांनी जितकी पत्रकं लिहिली तितकी बोंडं माझ्या अख्ख्या वावरात कधी लागली नाहीत. माणूस अतिशय सज्जन. अळी मात्र त्यांनी छापलेलीच पाह्यली होती, तीही काळीपांढरी. खरी अळी हिरवी निघाली तर ती त्यांच्या खात्याची नव्हे, अशी त्यांची समजूत.

परसबाग सुहासिनीवहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची. घरामागं दीड गुंठा जागा, पण त्यात कोथिंबिरीपासून कोहळ्यापर्यंत काय नाही ते विचारा. आणि ही बाग हौसेची नव्हती. तिच्यावर त्या घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, टिकून होत्या.

झालं असं होतं की कमलाकररावांचा धाकटा भाऊ यवतमाळले. त्याची बायको नलू. सासूबाई धुरपताबाई, वय वर्षं शहाऐंशी, गुडघ्यांच्या डॉक्टरपायी तिकडंच राहायच्या. नलूचं म्हणणं, सगळं घर यवतमाळात, मग भाद्रपदात महालक्ष्म्यांचे मुखवटे पाहायला राळेगावच्या एसटीत कायले कोंबून घ्यायचं? मुखवटे यवतमाळले आणा, तिथं बसवा. सासूबाईंनी दोन्ही सुनांसमोर निकाल दिला. महालक्ष्म्यांना सोळा भाज्यांचा नैवेद्य लागतो. ज्या घराच्या मागे सोळाच्या सोळा भाज्या निघतात, तिथं त्या बसतील. राळेगावात एकही कमी निघाली, की विसर्जनानंतर मुखवटे पेटीत घालून यवतमाळ. मोजायला म्हातारी स्वतः येणार होती.

वहिनींनी तो शब्द असा धरला की विचारू नका. सोळा लागतात म्हणून एकोणीस पेरल्या. भेंडी, गवार, पडवळ, दोडके, ढेमसं, अंबाडी, चुका, शेपू, धोप्याची, म्हणजे शहरातल्यांच्या अळूची, पानं. फवारणी एका पानाला नाही. देवीच्या तोंडी जायचं ते, असं म्हणायच्या.

इथंच घोटाळा झाला. आजूबाजूला चारी बाजूंनी आमची कापसाची वावरं. त्या वर्षी आम्ही जे हाती लागलं ते कापसावर मारत होतो. दुकानदार जी बाटली पुढं करील ती. पंप पाठीवर, तोंडाले फडकं. आता नाकतोड्याच्या जागी स्वतःला ठेवा. उत्तरेला विष, दक्षिणेला विष, पूर्वेला पुंडलिकरावाचं विष, म्हणजे माझं. अख्ख्या तालुक्यात बिनविषाचं जेवण एकाच ठिकाणी वाढलेलं. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात ते निघाले. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, रांगेत आले, म्हातारे पुढं, लेकुरवाळ्या मधात. रस्ता ओलांडताना वणीची एसटी थांबली. कंडक्टरनं घंटी दिली म्हणे.

आठ दिवसांत शेपू गेली. मग चुका गेला. त्याच्या तिसऱ्या दिवशी माठाचे नुसते देठ उभे, जसे काही लग्न उरकल्यावर मांडवाचे बांबू. एकोणिसातून तीन गेल्या, सोळा उरल्या. आता एकही जाऊन चालणार नव्हतं, आणि महालक्ष्म्यांना अजून तीन आठवडे होते.

सगळ्यात पहिला उपाय लालीबाईनं सांगितला. लालीबाई तांड्यावरची, माझ्या वावरात निंदायले, म्हणजे तण काढायले, यायची. तिच्याजवळ नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. कुंपणावरून तिनं बाग पाह्यली आणि म्हणाली, "बाई, सकाळच्या पारी माह्या कोंबड्या सोडा. दोन दिवसांत साफ."

वहिनींनी कानावर हात ठेवले. श्रावण चालू, पुढं महालक्ष्म्या, सगळ्या घराचं सोवळं, आणि ज्या मातीतून नैवेद्य निघायचा तिथं कोंबड्या? कमलाकररावांची हरकत वेगळी होती. ते म्हणाले, कोंबडी हे कीडनियंत्रण पुस्तकात नाही.

मग त्यांनी पुस्तकातलं सुरू केलं. चार काड्या बांधून एक चौकट केली. रोज सकाळी बरोबर दहा वाजता, म्हणजे कचेरीच्या वेळेला, चश्मा पुसून बागेत उतरायचे, चौकट जमिनीवर ठेवायचे आणि आतले नाकतोडे मोजायचे. किडीची संख्या नुकसानीच्या पातळीवर गेल्याशिवाय उपाय करायचा नाही, हा त्यांचा बत्तीस वर्षांचा नेम. पातळी त्यांनी पाच धरली. दहा वाजेपर्यंत ऊन चढलेलं, नाकतोडे तापून तरतरीत झालेले. चौकट टेकली की पाचवा उडालाच. रोज चार. रोज वहीत 'पातळीच्या खाली' अशी नोंद. वहिनींनी विचारलं, अहो, पानं तर दिवसागणिक कमी होऊन राह्यली, मग पातळीच्या खाली कसं? ते म्हणाले, पानं मोजायचं टेबल वेगळं होतं.

माझं मत विचाराल तर नाकतोड्यांना हे कळलं होतं. कमलाकररावांनी आपलंच एक जुनं पत्रक बागेत काठीला टांगलं होतं, आल्यागेल्याला वाचायला. तिसऱ्या दिवशी ते अर्धं खाल्लेलं. जो वाचून खातो त्याला पातळी कळणारच. पत्रक खाणारा तो म्होरक्या तर मी असा पाह्यला की दहाला पाच मिनिटं कमी असताना इतरांना हुसकून लावत होता.

भेंडीच्या पानांची चाळणी झाली तेव्हा वहिनींचा धीर सुटला. त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत, पण दोन दिवस चहात साखर नव्हती. कमलाकररावांनी कचेरीला पत्र लिहिलं. आठव्या दिवशी उत्तर आलं, की सध्या सर्व लक्ष कापसावर केंद्रित आहे. कापसावरील किडीची नोंद घेण्यात येईल. पालकावरील किडीसाठी रकाना नाही.

आता इथं मी थोडा गुन्हेगार आहे, ते कबूल करतो. कमलाकरराव संध्याकाळी माझ्याकडं आले आणि हळूच म्हणाले की पुंडलिकराव, थोडा कापूस द्या. मी म्हटलं घ्या ना, गोठ्यात गाठोडं पडलं आहे. ते म्हणाले, वेचलेला नको, उभा पाहिजे. रकान्यात बसवायचा आहे.

मी वावरातून अकरा झाडं उपटली आणि ओल्या मातीसकट त्यांच्या बागेत नेऊन रोवली. भेंडी आणि गवारीच्या मधात एक ओळ. दुसऱ्या दिवशी पत्र गेलं की मौजे राळेगाव येथे कापूस पिकामध्ये नाकतोड्यांचा तीव्र प्रादुर्भाव, क्षेत्र रस्त्यालगत. खरं सांगायचं तर एकाही नाकतोड्यानं त्या कापसाला तोंड लावलं नाही. त्यांना माहीत होतं ना तो कोणाच्या वावरातला ते.

पोळा झाला. महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या, आणि एका दुपारी समिती आली.

नोंदीमुळं आली असं कमलाकरराव आजही सांगतात. मी सांगतो, चिखलामुळं आली. त्या दिवशी समितीला कापसाचं एक वावर पाहायचंच होतं, रात्रभर पडत आलेला पाऊस सकाळी थांबला होता, वावरात गुडघाभर चिखलाचा गारा, आणि साहेबांच्या पायांत तपकिरी बूट. डांबरी रस्त्यापासून चाळीस पावलांवर, फरशीवरून चालत जाता येईल असं कापसाचं क्षेत्र साऱ्या तालुक्यात एकच होतं. माझी अकरा झाडं.

पाच जण होते. फरशीच्या काठाशी ओळीनं उभे राहिले. झाडं उपटून लावल्यामुळं माना टाकून उभी, जणू शोकसभेतच आलेली. मुख्य साहेबांनी चश्मा वर केला, बराच वेळ पाह्यलं आणि म्हणाले, मर रोग. दुसऱ्यानं लिहून घेतलं. तिसरा म्हणाला, जमिनीत जस्त कमी असावं. चौथ्यानं विचारलं की शेतकरी कोण. कमलाकररावांनी माझ्याकडं पाह्यलं, मी आभाळाकडं. वहिनी पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आल्या तेव्हा एकानं विचारलं की बाई, कापसासोबत आणखी काय घेता? त्या म्हणाल्या, सोळा भाज्या. सगळ्यांच्या लेखण्या एकदम चालल्या. दीड गुंठ्यात सतरा पिकं. बहुपीक पद्धती. पोहे दोनदा मागून घेतले.

वहिनींनी हिंमत करून नाकतोड्यांची गोष्ट काढली. साहेब म्हणाले, काळजी करू नका, उद्या सकाळी दहा वाजता पथक येईल. फवारणीचं प्रात्यक्षिक होईल. फोटो निघतील. बांधापासून बांधापर्यंत सगळं क्षेत्र धुऊन काढू.

गाड्या गेल्या. वहिनी ताटल्या घेऊन तिथंच उभ्या राह्यल्या. कमलाकररावांचा चेहरा मात्र उजळला होता. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा कागद चालून घरापर्यंत आला होता.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "उद्या फवारलं तर त्यातलं एक पान तरी मी देवीला वाढू शकीन?"

ते म्हणाले की फवारणीनंतर काही दिवस थांबावं लागतं, तसं प्रत्येक पत्रकात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते त्यांनीच लिहायचे. किती दिवस, असं विचारल्यावर ते बोटांवर मोजू लागले आणि दोन्ही हात संपले. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सहा दिवस उरले होते. एकाच पिचकारीत सोळाच्या सोळा जाणार होत्या.

प्रात्यक्षिक थांबवा असं पत्र लिहितो, असं कमलाकरराव म्हणाले. वहिनींनी विचारलं, उत्तर किती दिवसांनी येईल? मग त्यांनी ताटल्या खाली ठेवल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, लालीबाईले सांगा. उजाडायच्या वक्ताला ये म्हणावं. कोंबड्या घेऊन."

कमलाकररावांनी सोवळ्याची आठवण दिली. वहिनींनी त्यांच्याकडं पाह्यलंसुद्धा नाही.

तांबडं फुटलं तेव्हा लालीबाई मागच्या फाटकाशी हजर. डोक्यावर दोन डाली, डाल्यांत कोंबड्या, हाताखाली कोंबडा. बागेत शिरून तिनं आधी काय केलं असेल तर रिकामी डाली मेथीच्या आणि पालकाच्या वाफ्यांवर उलटी ठेवली. कोंबड्या मोकळ्या आणि भाजी डाल्याखाली, असा देखावा मी जन्मात पाह्यला नव्हता.

नाकतोडे पानापानाला चिकटून बसलेले. रातच्या दवानं पंख ओले, पाय आखडलेले. लालीबाईनं एक उचलून वहिनींच्या तळहातावर ठेवला. हलेना. ती म्हणाली, "याले ऊन लागल्याबिगर उडता येत नाही, बाई. दहा वाजता मोजायले गेल्यावर तो काय सलामी द्यायले थांबते का?"

कमलाकरराव चौकट आणि वही घेऊन दारात आले होते. वहिनींनी त्यांच्या हातातली वही काढून घेतली आणि साबणाच्या पाण्याची बादली दिली. ते वाकले, भीत भीत एक नाकतोडा चिमटीत धरला, आणि तसेच धरून उभे राह्यले.

"गार आहे हा," ते म्हणाले. "आणि हिरवा आहे, पुंडलिकराव."

त्यानंतर जे झालं ते मी कमी करून सांगतो, कारण पूर्ण सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. नऊ कोंबड्या ओळ धरून चालल्या, जशा बाया निंदायले चालतात. आम्ही चौघं वरची पानं झाडत होतो, खाली पडला की चोच. त्या पत्रक खाल्लेल्या म्होरक्याशी कोंबड्याची अर्धा घंटा झुंज चालली. कोंबड्याच्या शेपटीतली तीन पिसं गेली. सूर्य वर आला तोवर कोंबड्या इतक्या जड झाल्या होत्या की फाटकापर्यंत चालत जाईनात. लालीबाईनं त्यांना एकेक करून उचलून नेलं. पुढं महिनाभर त्यांची अंडी आपोआप उड्या मारत होती, पण ते तिच्या घरचं, मी त्यात पडत नाही.

शेवटी वहिनींनी कमलाकररावांना विचारलं की कागदावर पीक कोणतं लिहिलं आहे. ते म्हणाले, कापूस. वहिनींनी दोन्ही हातांनी अकराची अकरा झाडं उपटली आणि कुंपणावरून माझ्या वावरात टाकली.

दहाला पथक आलं. पंप, फोटोवाला, फलक. फलकावर साहेबांचं नाव मोठं, नाकतोड्याचं बारीक. पथकाच्या प्रमुखानं कागद पाह्यला, बाग पाह्यली, परत कागद पाह्यला. पीक नाही. कीड नाही. तो घाबरून गेला, म्हणाला आता मी लिहू काय? कमलाकररावांचा तिथं जुना हात कामी आला. त्यांनी त्याला बसवून मजकूर सांगितला. समितीच्या भेटीनंतर अवघ्या अठरा तासांत किडीचं शंभर टक्के नियंत्रण. मर रोगग्रस्त झाडांचं निर्मूलन. फवारणीची आवश्यकता भासली नाही. प्रमुखानं त्यांच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. रिकाम्या मातीचा फोटो घेऊन पथक गेलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी भल्या सकाळी नलू गाडी करून आली. सोबत धुरपताबाई, आणि डिकीत यवतमाळच्या बाजारातून आणलेल्या भाज्यांची मोठी टोपली. कमी पडल्या तर असू द्याव्या, असं नलूनं गोड तोंडानं सांगितलं. टोपली अशी चमकत होती की तिच्यात तोंड पाहून भांग पाडावा.

म्हातारीला खुर्चीवर बागेत बसवलं. वहिनी एकेक भाजी खुडून तिच्या मांडीवरच्या सुपात टाकत होत्या आणि नलू मोजत होती. मी कुंपणाशी उभा होतो. आठव्या भाजीला मला दिसलं की धोप्याच्या खाली कोंबड्याचं एक लालभडक पीस पडलं आहे. मी पुढं झालो आणि त्याच्यावर पाय ठेवला. तिथून सोळाव्यापर्यंत मी हललो नाही. नलूनं दोनदा बाजूला व्हा म्हटलं. मी म्हटलं, पायात वात भरला.

सोळा भरल्या. वहिनींच्या तोंडावर हसू येतच होतं, तेवढ्यात नलूनं सुपातलं धोप्याचं पान उचलून उजेडात धरलं. त्याला सात भोकं. मग अंबाडी उचलली. मग भेंडीचं देठाकडचं डेख.

"आई, हे पाहा," ती म्हणाली. "जागोजागी खाल्लेलं आहे. नाकतोड्यांचं उष्टं देवीले वाढणार का ताई?"

उष्टं देवीला चालत नाही. कमलाकरराव चश्मा पुसू लागले. वहिनींचे हात सुपाच्या काठावर तसेच राह्यले. एवढं सगळं झाल्यावर मुखवटे जाणार ते या सात भोकांतून.

धुरपताबाईंनी पान हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, भोकातून आधी एका सुनेकडं पाह्यलं, मग दुसऱ्या. मग म्हणाल्या, तुझी टोपली आण. नलूनं आणली. म्हातारीनं त्यातली फुलकोबी काढली, वास घेतला, उलटीपालटी केली. भेंडी काढली. एकूणएक भाजी गुळगुळीत, डाग नाही, भोक नाही.

"याले कोणीच काहून नाही खाल्लं?" म्हातारीनं विचारलं.

नलू म्हणाली, चांगली आहे म्हणून.

"चांगली असती तर खाल्ली नसती का?" धुरपताबाई म्हणाल्या. "ज्याले नाकतोड्यानं तोंड नाही लावलं, ते मी लक्ष्म्यांच्या तोंडी कशी घालू? इथं तो खाऊन जिवंत होता, एवढं तर दिसते."

नलूनं आणखी काही विचारायला तोंड उघडलं. बहुतेक माझ्या पायाकडं तिची नजर गेली होती. म्हातारीनं तेवढ्यात ऐकायचं मशीन कानातून काढून पदराला गाठ मारून ठेवलं आणि मुखवट्यांना हळदीकुंकू आणा म्हणून हाक दिली.

नलूनं टोपली गाडीत नेऊन ठेवली, परत आली, चुलीजवळची दुसरी विळी ओढली आणि वहिनींच्या शेजारी बसली. सोळा भाज्या चिरायच्या म्हणजे एका बाईचं काम नाही.

"धोप्याच्या शिरा नीट काढ," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर घसा खाजवते."